माघातली अर्धी वही

माझ्या वहीत यंदा एकही चित्र पुरं झालेलं नाही. खोटं कशाला बोलू, एक झालंय. कवठाचं. महाशिवरात्रीसाठी आणलेलं कवठ चार दिवस ओट्यावर मुकाट बसून होतं. ते फुललं नाही, झडलं नाही, उडून गेलं नाही. त्यामुळे त्याची करडी खरबरीत पाठ, देठाशी पडलेला खळगा आणि बुडाखालची सावली असं सगळं रीतसर उतरलं, आणि मग त्याची गूळ घालून चटणी झाली. बाकी सगळी पानं अर्धी. बदामाचं लाल पान देठाकडून रंगवत आणून टोकाशी सोडलेलं. सावरीची एक फांदी. एक परीट पक्षी, त्याला शेपूट आहे आणि दीड पाय. सासूबाईंचे हात, मनगटापर्यंत. कुणी वही चाळली तर म्हणेल, बाईंना कशातच धीर नाही.

धीर आहे हो. बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत, आणि त्यात बत्तीस मार्चअखेरी. धीराबद्दल मला कुणी काही शिकवू नये. झालं एवढंच, की मी चित्रं काढायला बसले ती नेमकी पुण्यातल्या थंडीच्या उतरणीला. फेब्रुवारी-मार्च म्हणजे माझ्यासाठी आजवर ‘इयर एंडिंग’ होतं. सकाळी डबा भरून निघायचं आणि रात्री नऊला ताळेबंदाची भुणभुण डोक्यात घेऊन परतायचं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर सावर फुलली आहे हे मला कळायचं ते स्कूटरच्या सीटवर पडलेल्या फुलावरून. ते झटकायचं, बुडाला चिकट ओल लागली म्हणून पदराने पुसायचं, आणि किक मारायची. हे दिवस झाडांच्याही इयर एंडिंगचे असतात, त्यांचीही लगबग आमच्याएवढीच असते, याचा पत्ता साठी उलटेपर्यंत नव्हता.

वही नातवाची. शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेली, सहा पानं वापरून टाकून दिलेली. रंगांची पेटीही त्याचीच, कॅमलची, बारा वड्यांची. मुलं पांढरा आणि काळा आधी संपवतात; त्यामुळे माझ्या वाट्याला दहा रंग आले. (दिगंबर दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या भुकटीपासून धंदा सुरू केला होता. मराठी माणसाला धंदा जमत नाही असं म्हणणाऱ्या आमच्या ह्यांना मी हे दर वेळी पेटी उघडताना ऐकवते.) रबर मात्र मुद्दाम घेतला नाही. शाळेत आम्हाला चित्रकलेला जे सर होते ते इंटरमिजिएटच्या तयारीला बसवताना सगळ्यांचे खोडरबर गोळा करून टेबलाच्या खणात टाकायचे. चुकलेली रेघ तशीच ठेवा, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा, म्हणजे किती चुकलो ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला परीक्षेत क श्रेणी मिळाली. तेव्हा मी तो दोष रबराला, म्हणजे रबर नसण्याला दिला होता. पन्नास वर्षांनी सरांचं म्हणणं करून बघायला हरकत नव्हती.

पहिलं चित्र खरं तर वहीत काढलंच नाही. ते दिवाणखान्याच्या फरशीवर काढलं.

आमची गॅलरी दक्षिणेला आहे. डिसेंबरात ऊन दार ओलांडून पार दिवाणखान्यात येतं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या उन्हात पाय सोडून बसतात. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची, हा त्यांचा थंडीतला एकमेव प्रवास. रथसप्तमीला, यंदा ती २५ जानेवारीला आली, अंगणाऐवजी गॅलरीत गोवरीच्या तुकड्यावर बोळक्यातलं दूध उतू घालून झालं, आणि आई म्हणाल्या, “आता सूर्याचा रथ वळला गं. माझी खुर्ची रोज मागे मागे यायची.” मी म्हटलं, किती मागे? “ते तू बघ. बँकेत होतीस ना.”

म्हणून मी रोज दुपारी पावणेएकला, सूर्य आमच्याकडे डोक्यावर येतो त्या सुमाराला, उन्हाची जी कडा फरशीवर पडते तिच्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढायला लागले. एकेक फुटाच्या फरश्या आहेत. पहिले चार दिवस रेघा एकमेकींना इतक्या चिकटून आल्या की मलाच शंका आली. पण मग हळूहळू त्यांच्यात अंतर दिसू लागलं, रोज बोटाच्या पेराहूनही कमी. वीस दिवसांत ऊन एक अख्खी फरशी सोडून दाराकडे सरकलं. थंडी जाताना पाऊल वाजत नाही म्हणतात; आमच्या फरशीवर तिच्या पावलांची पट्टीच तयार झाली होती. खुर्चीचे पाय त्या रेघांवरून मागे येत होते आणि आई दर वेळी खाली वाकून बघायच्या, रेल्वेच्या डब्यातून माणूस स्टेशनचं नाव बघतो तशा.

एकविसाव्या दिवशी कामाच्या मावशींनी फरशी घासली. “काय पेन्सिलीने रेघोट्या मारल्यात पोरांनी, निघता निघत नव्हत्या,” म्हणाल्या. फिनेलचा वास आणि कोरी फरशी. मी काय बोलणार? चूक माझी होती, पोराची नव्हती, एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर मी काउंटरच्या पलीकडून पुष्कळांना दिली आहे.

मग वहीत शिरले.

सावर आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बरोबर समोर येते. ‘काटेसावर’ हे नाव खालून पाहणाऱ्याने ठेवलेलं असणार, खोडाला शंकूसारखे काटे असतात त्यावरून. वरून पाहणाऱ्याला ती बिल्डिंगसारखी दिसते. खोड सरळ, आणि ठरावीक अंतरावर चारी बाजूंना आडव्या फांद्या, मजल्यावर मजला. जानेवारीत पानं पार गेलेली असतात, त्यामुळे हा सांगाडा स्वच्छ दिसतो. मला वाटलं, हे बरं, पानांची कटकट नाही, सरळ रेघा आहेत. एक फांदी निवडली. तिच्यावर नऊ कळ्या होत्या, काळपट हिरव्या, सुपारीएवढ्या, फांदीला थेट चिकटलेल्या, देठ म्हणावं असं काही नाहीच. पहिल्या दिवशी फांदी आणि चार कळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाच काढायला बसले, तर आधी काढलेल्या चारपैकी एक फुटून लाल जीभ बाहेर आलेली. तिसऱ्या दिवशी तिचं फूल होऊन ते माझ्याकडे पाठ करून बसलं.

आता काय करायचं? रबर नाही. कळी खोडता येत नाही आणि फूल नाकारता येत नाही. शेवटी बँकेची सवय कामाला आली. प्रत्येक कळीला नंबर दिला, शेजारी तारीख घातली. कळी उमलली की जमा, फूल पडलं की नावे. फूल काढायचं तर कळीच्याच डोक्यावर, थोडं फिकं काढायचं. त्यामुळे त्या पानावर एकाच फांदीवर सोमवारची कळी, गुरुवारचं फूल आणि पुढच्या मंगळवारी नुसती रिकामी जागा, हे सगळं एकावर एक आहे. आमच्या ह्यांनी बघून विचारलं, “हे कोळ्याचं जाळं आहे का?”

सावरीचं फूल काढणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पाच पाकळ्या, जाड, मांसल, मागे वळलेल्या, वरून साटिनसारख्या चकचकीत आणि मागून मऊ लव असलेल्या. मध्ये पुंकेसरांचे गठ्ठे, बाहेर पाच झुबके आणि आत आणखी. एक पडलेलं फूल घरी आणून मी ते पुंकेसर मोजायला बसले, साठापर्यंत मोजले आणि सोडून दिले. बुडाची वाटी चामड्यासारखी कडक. तिच्यात गोड पाणी साठतं आणि त्यासाठी सकाळी साडेसहापासून सावरीवर जी गर्दी होते ती सहकारी दूध केंद्रावरही नसते. बुलबुल, साळुंक्या, खारी. कावळा तर आख्खं डोकं आत घालतो आणि बाहेर काढतो तेव्हा कपाळाला पिवळे परागकण फासलेले, जेजुरीहून आल्यासारखा. मधूनच भोरड्यांचा थवा येतो. काळं डोकं, गुलाबी अंग, आणि कर्कश भांडण. मध्य आशियाकडून आलेले हे पाहुणे उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात, आणि जायच्या आधी पळस आणि सावर पिऊन घेतात. त्यांना पळसमैना असंही म्हणतात ते त्यावरूनच. त्यांचं चित्र मी काढलेलं नाही. चाळीस पक्षी एकदम आले की पेन्सिल खाली ठेवायची असते.

आणि फूल पडतं ते अख्खंच्या अख्खं पडतं. पाकळी पाकळी गळणं वगैरे नाही. सकाळच्या शांततेत खाली पत्र्याच्या शेडवर ‘थाड’ असा आवाज येतो, आणि मी आतून ओळखते की एक नावे पडली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या फांदीचा हिशोब केला. नऊ कळ्यांपैकी सात फुलं झाली. एक कळी वाळून तशीच राहिली. एकीचा पत्ताच लागेना. पाच नंबरची. तिच्यापुढे ना जमा ना नावे. बत्तीस वर्षं ज्या बाईने एक रुपयाच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत व्हाउचरं उपसली, तिला एक कळी गहाळ होऊन झोप कशी लागावी? मी खाली जाऊन पत्र्याच्या शेडच्या आसपास बघून आले. तिथे पहिल्या मजल्यावरच्या धारवाडकडच्या वहिनी भेटल्या. काय शोधताय, म्हणाल्या. सावरीची कळी, म्हटलं. तर त्या एकदम उजळल्या. “मराठी मोग्गु!”

मला वाटलं त्या मला काही म्हणताहेत. तर नाही. मोग्गु म्हणजे कन्नडमध्ये कळी, आणि सावरीच्या जातीच्या झाडाची वाळवलेली कळी त्यांच्याकडे मसाल्यात घालतात. बिशीबेळे भाताला तिच्याशिवाय वास येत नाही. त्यांनी घरातून डबी आणून दाखवली. लवंगेची थोरली बहीण शोभावी अशी. गंमत म्हणजे तिच्या नावात ‘मराठी’ आहे आणि आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही मराठी घरात ती माहीत नाही. मी दोन उसन्या घेतल्या, चित्र काढायला म्हणून. आमटीत गेल्या. पाच नंबरची कळी मात्र सापडली नाही. पोपटाने खुडली असावी. पोपट खातो थोडं आणि टाकतो फार, हे मी दोनदा पाहिलं आहे. पण पाहिलेल्या दोनांतली पाच नंबर नव्हती, म्हणून तसं वहीत लिहिलं नाही.

रंगाचं शास्त्र या दिवसांत वेगळंच. सकाळी साडेसातला कागदावर पाणी लावलं तर ते चांगलं दहा मिनिटं ओलं राहतं, रंग आपोआप पसरतो, एकमेकांत शिरतो. दुपारी दोनला तेच केलं तर ब्रश वडीपर्यंत जाऊन येईस्तोवर पहिल्या रंगाला कडा धरलेली असते. हवेत पाणीच नसतं. ओठ फुटतात, टाचा फुटतात, पापड मात्र एका दिवसात खडखडीत होतात. म्हणून माझ्या वहीतली सकाळची चित्रं मऊ आहेत आणि दुपारची कोरल्यासारखी. बदामाचं पान मी सकाळी सुरू केलं आणि दुपारी पुढे ओढलं, तर एकाच पानाचे दोन अर्धे दोन हातांनी काढल्यासारखे झाले. हा बदाम म्हणजे आपला देशी बदाम, शाळेच्या मैदानातला, ज्याच्या बिया दगडाने फोडून आम्ही खायचो. याची पानं गळायच्या आधी अशी पेटतात की परदेशातल्या पानगळीचे फोटो पाठवणाऱ्या आमच्या भाचीला मी एक फोटो उलट टपाली पाठवला. त्या लालातही शिरांच्या कडेने हिरवा शेवटपर्यंत टिकून असतो. तो हिरवा काढायचा म्हणून पान घरात आणून ताटलीत ठेवलं, आणि जेवण आवरून येईपर्यंत त्याची टोकं आत वळली. दुसऱ्या दिवशी ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. तिथेच चित्र थांबलं. आता दुसरं पान आणून पुढचं काढलं असतं तर चाललं असतं, कुणाला कळलं असतं? पण ते दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढल्यासारखं वाटलं.

गॅलरीतल्या कुंडीत एक लिंबू आहे. त्याला या दिवसांत कोवळी तांबूस पालवी येते, आणि पालवीमागोमाग नागअळी येते. मी इतकी वर्षं त्या पानांवरच्या रुपेरी वळणावळणांच्या रेघा बघून कडुनिंबाचं तेल फवारत आले. यंदा चित्र काढायचं म्हणून एक पान हाती धरून नीट पाहिलं. अळी पानाच्या वर नसते, खालीही नसते. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते आणि आतल्या आत खात पुढे जाते. रेघ सुरू होते तिथे ती केसाएवढी बारीक आहे. अळी वाढते तशी रेघ रुंद होत जाते. मधोमध एक काळसर धागा, तो तिच्या विष्ठेचा. वळत वळत ती पानाच्या कडेला येते, कडा स्वतःवर दुमडून घेते आणि आत कोष करते. म्हणजे तिचं सगळं बालपण त्या एका रेघेत आहे, कुठून निघाली, कुठे वळली, केव्हा मोठी झाली. आणि रबर तिच्याकडेही नाही. मी ती रेघ उतरवायला घेतली आणि चार वळणांनंतर माझीच चुकली; कुठे डावीकडे गेली होती आणि कुठे उजवीकडे, गोंधळ झाला. तेल फवारायचं या वर्षी राहूनच गेलं. लिंबं कमी येतील. येऊ देत.

तांबट पक्षी फेब्रुवारीत बोलायला लागला. म्हणजे बोलत आधीही असेल, मला ऐकू आला तेव्हा. टुक, टुक, टुक, टुक, एका लयीत, थकवा नाही, चढउतार नाही. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर कुंकवाचा टिळा, गळा पिवळा. एवढा रंगीत असून दिसत नाही, कारण सावरीच्या सर्वांत वरच्या निष्पर्ण टोकावर बसतो आणि बोलता बोलता मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून येतो. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा कळलं की चोच मिटलेलीच असते, गळा तेवढा दर ठोक्याला फुगतो. घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला ११२. चित्रात आवाज कसा काढणार? मी त्या टोकावर एक ठिपका दिला आणि समासात ११२ लिहिलं.

तांबट नाव का, हे सांगायची पुण्यात गरज पडू नये, पण पडते. म्हणून एक दिवस वही घेऊन कसब्यात तांबट आळीत गेले. पूर्वी इथून जाताना कानावर हात ठेवावा लागायचा म्हणे. आता आवाज तुरळक झाले आहेत, पण थांबलेले नाहीत. एका दुकानाच्या पायरीवर बसायला मिळालं. कारागीर तांब्याच्या पातेल्यावर मठार काढत होते, म्हणजे हातोडीने ठोक्याशेजारी ठोका देत सगळ्या अंगभर चकचकीत खळ्या उठवत होते. पातेलं डाव्या हाताने फिरत होतं, उजवा हात एकाच जागी वरखाली. मी मनगट काढायला घेतलं आणि हातोडी काढायला गेले तर ती दिसेचना, नुसती एक पुसट पट्टी. “काय मोजताय काकू?” त्यांनी मान वर न करता विचारलं. ठोके, म्हटलं. “मोजून नाही होत. मोजलं की चुकतो.” मी तरी मोजले. पक्ष्यापेक्षा थोडे सावकाश होते. पक्ष्याला पातेलं फिरवायचं नसतं.

तिथे बसून मला गंगाराम तांबट आठवत होता. आठवत होता म्हणजे, निवृत्तीनंतर वाचायला सवड झाली तेव्हा भेटलेला. सवाई माधवरावांच्या काळातला, आडनावावरून याच बिरादरीतला हा पुण्याचा माणूस. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने कार्ल्याची, वेरूळची लेणी रेखाटली. पुढे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा भरू लागली, तिच्यातही गंगाराम होता. त्याने १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मी अर्थात मोबाइलवरच पाहिलं. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या तांब्यावर ठोके पडले त्या हाताने गेंड्याच्या कातडीच्या घड्या काढाव्यात, यात मला काहीतरी फार बरोबर वाटतं. आणि थोडा हेवाही वाटतो. त्याचा गेंडा शिकारखान्यातला होता. आज काढून झाला नाही तर उद्या तिथेच सापडणार. माझी सावर मोकळी आहे.

तांबट आळीपासून कागदीपुरा चालत पाच मिनिटांवर. पूर्वी कागद करणाऱ्यांची वस्ती. एका पेठेत कागद आणि शेजारी तांबं, एवढ्या सामानावर त्या काळचं पुणं किती लिहीत आणि किती वाजवत असेल! मी तिथे कागद मिळतो का पाहायला गेले. कागद मिळाला नाही, उसाचा रस मिळाला, आलं-लिंबू घालून, बर्फ नको म्हटलं तरी बर्फ घालून. गाडीच्या चाकाला बांधलेली घुंगरं ऐकत उभी राहिले. दुपारी उन्हाचा चटका बसत होता आणि पिशवीत सकाळचा स्वेटर होता. माघ उतरतो तो असा, एका पिशवीत दोन ऋतू घेऊन.

आईंचे हात मी हरभरे सोलताना काढले. फेब्रुवारीत मंडईत हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात, आम्ही त्यांना सोलाणे म्हणतो, आणि सोलाणे सोलणं हे आमच्या घरात शहाऐंशी वर्षांच्या बाईंचं राखीव काम आहे. घाटा दोन बोटांत दाबायचा, ‘टप्’ असा आवाज येतो, अंगठ्याने दाणा बाहेर. त्यांचा वेग असा की मी एक बोट काढेपर्यंत दहा घाटे रिकामे. बोटं लांब, पेरं सुजलेली, नखांच्या कडेला हिरवट डाग. हरभऱ्याला हात लावला की बोटं आंबट होतात, चाखून बघा. त्यावरून आईंना त्यांच्या माहेरची, सासवडकडची आंब आठवली. रात्री हरभऱ्याच्या रानावर स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरायचं. पहाटेपर्यंत पानांवरच्या दवात उतरलेलं आम्ल त्या कापडात मुरतं. सूर्य वर यायच्या आत कापड पिळून बाटलीत भरायचं, ती आंब. पोटदुखीला थेंबभर पाण्यातून द्यायची. “धोतराला भोकं पडायची,” आई म्हणाल्या, “म्हणून माझे वडील जुनं धोतर त्यासाठी जपून ठेवायचे. आणि अगं, अनवाणी गेलं हरभऱ्यातून तर पोटऱ्या चुणचुणायच्या.” बोलता बोलता हात थांबले. मला हवे होते ते तेवढेच दोन क्षण. मी अंगठा पुरा केला. मग हात पुन्हा सुरू झाले आणि मी गडबडीत एक बोट दोनदा काढलं.

त्यांनी चष्मा लावून वही जवळ घेतली. “मला सहा बोटं आहेत होय?” म्हणाल्या. मग जरा वेळाने, “पण नखं माझीच आहेत.”

परिटाचं असं झालं. समोरच्या गच्चीवर टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी साचतं, तिथे तो थंडीभर यायचा. करडी पाठ, शेपटीखाली पिवळा, आणि शेपूट सतत वरखाली, जणू त्याला कुणी होकाराचं यंत्र बसवलंय. मी त्याची शेपूट तीन वेगवेगळ्या दिवशी काढली, पाय एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा. डोकं पुढच्या वेळी काढू म्हणून ठेवलं. होळी झाली, थंडी पळाली, आणि एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवसांत तो दिसला नाही. कधीपासून? वही उलटसुलट चाळली. १० मार्चची नोंद आहे. त्यानंतर नाही. तो ११ तारखेला आला नाही, की आला होता आणि मी सावरीकडे बघत होते, हे आता कळायला मार्ग नाही. जे आलं त्याची नोंद होते. जे आलं नाही त्याचं व्हाउचरच नसतं. सप्टेंबरच्या सुमाराला तो, किंवा त्याच्यासारखा दुसरा, परत येईल. तेव्हा डोकं काढायचं का, हा प्रश्न बदामाच्या पानासारखाच आहे.

आता मार्च निम्मा सरला. ऊन दाराबाहेर गेलं आणि आईंची खुर्ची पंख्याखाली आली. सावरीवर शेंड्याला दोनचार चुकार फुलं आहेत आणि खालच्या मजल्यांवर पोपटी पालवी सुटली आहे. माझी ती फांदी पानांत कुठली ते शोधावं लागतं. सोलाणे संपले. काल मंडईतून पहिल्या कैऱ्या आणल्या, चिक्कू एवढ्या, चिकाळलेल्या. त्या धुऊन ठेवत होते तेवढ्यात आईंनी बाहेरून हाक मारली. वही त्यांच्या मांडीवर उघडी होती.

“हे असे मोकळेच ठेवलेस हात. निदान बांगड्या तरी काढ. बरं दिसत नाही.”

मनगटाशी चित्र संपतं, तिथे बांगडीला जागा नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. डावा हात पुढे केला, बांगडी जरा मागे सारली, आणि मला नीट दिसावं म्हणून रिकाम्या बोटांत नसलेला घाटा धरून दाबला.